भिंतीकडे तोंड करून गायलेलं धृपद

जळगावला आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला त्याला फार दिवस झाले नव्हते. मी त्याच्यावर लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, केळीच्या रोपांची जाहिरातपत्रकं असलं काहीबाही जुळवायची. छापखान्याच्या मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. मी लहानपणापासून गाणं शिकलेली, विशारदची परीक्षा दिलेली, हे भाऊंना माहीत होतं. त्यामुळे धुळ्याच्या नानांचं काम आलं तेव्हा त्यांनी ते सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

नाना म्हणजे धुळ्याचे एक वयोवृद्ध गायक. ते धृपद गायचे. ख्यालाच्याही आधीचं ते गाणं, संथ, पखवाजाच्या साथीचं. आमच्या भागात ते गाणारे सोडाच, ऐकणारेही उरले नव्हते. नानांचे आजोबा माळव्यातल्या कुठल्याशा लहान संस्थानात गायला होते, आणि येत होती तेवढी धृपदं त्यांनी म्हातारपणी बोरूने कागदावर उतरवून ठेवली होती. कागद तपकिरी झालेले. घडीवर बोट टेकलं तरी कपचा निघायचा. जळगावच्या एका निवृत्त प्राध्यापकांना त्याचं पुस्तक काढायचं होतं, आणि तेही आजच्या विद्यार्थ्याला वाचता येईल अशा स्वरलिपीत.

त्यासाठी पुण्याच्या एका इंजिनिअरने केलेला छोटा प्रोग्रॅम फ्लॉपीवर आला होता. एक बटण दाबलं की सा, दुसरं दाबलं की रे. स्वराखाली आडवी रेघ दिली की तो कोमल, खाली टिंब दिलं की खालच्या सप्तकातला, वर दिलं की वरच्या. मात्रा आपोआप खणांत बसायच्या आणि समेची, खालीची खूण ओळीखाली उमटायची. पत्रिका जुळवून कंटाळलेल्या मला ते काम फार आवडलं होतं.

पहिलंच धृपद भैरव रागातलं होतं. कागदावर दिसलं तसं मी जुळवलं आणि गुणगुणायला गेले, तर गळा पोचेना. सुरुवातच वरच्या सप्तकातल्या धैवतावर. तिथून कुणी माणूस गाणं सुरू करणार नाही. पुष्कळ डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की आजोबांच्या लिहिण्यात टिंबाचा अर्थ आजच्या उलट होता. वर टिंब म्हणजे खालचं सप्तक. तेवढं उलगडलं, पण कोमल धैवतावर कुठे कुठे एक बारीक आकडा काढलेला होता, मासे धरायच्या गळासारखा, त्याचा अर्थ लागेना. तशा आणखीही खुणा होत्या. नानांना गायला लावल्याशिवाय कळणार नव्हतं आणि त्यांना प्रवास झेपत नव्हता. भाऊ म्हणाले, तूच जा, एक रात्र तिथे राहा आणि सगळं विचारून ये.

माझी मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. सासूबाई तिला सांभाळायला तयार होत्या, पण त्यांची कुरकुर वेगळीच होती. पितृपक्ष चालू होता आणि सुरतेहून काहीतरी वाईट कानावर येत होतं. कुणी म्हणे ताप आहे, कुणी म्हणे विषारी पाणी. सुरत आम्हाला लांबची नाही. खानदेशात घरटी कुणी ना कुणी तिथे कापडाच्या नाहीतर हिऱ्याच्या कामाला असतं. मी म्हटलं, मी काही सुरतेला चाललेली नाही, धुळ्याला चालले आहे. आणि सकाळच्या एसटीत बसले.

पारोळ्याच्या पुढे समोरून गाड्या येताना दिसू लागल्या. नेहमीच्या नव्हेत. ट्रक, टेम्पो, खच्चून भरलेल्या बसेस, टपावर माणसं आणि बोचकी. बऱ्याच जणांच्या नाकातोंडावर रुमाल बांधलेले. आमच्या बसमधला एक जण खिडकीची काच सरकवत एवढंच म्हणाला की, प्लेग आहे. त्यानंतर एकेक करून सगळ्यांनी काचा ओढून घेतल्या. बाहेर ऊन होतं, आत जीव गुदमरत होता, तरी कुणी काच उघडली नाही. मला तिथेच उतरून परत फिरावंसं वाटलं. पण परतीच्या गाडीत सुरतेची माणसं असणार, म्हणून मी बसून राहिले.

नानांचं घर धुळ्याच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत होतं. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर. नाना उंच, वाळलेले, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. अक्का अहिराणी बोलायच्या. त्यांनी मला आधी भाकरी आणि शेवेची भाजी वाढली आणि मगच कामाला बसू दिलं.

ती दुपार छान गेली. नाना माझ्या समोर बसून हातावर ताल धरायचे, एकेक ओळ गायचे, मी पेन्सिलीने खुणा लिहून घ्यायची. भैरवाच्या त्या आकड्याचं विचारलं तर म्हणाले, तो उद्या सकाळी सांगतो, भैरव सकाळीच गायचा. संध्याकाळी रेडिओवर सुरतेची बातमी लागली. प्लेग हा शब्द आता रेडिओनेही उच्चारला. अक्का उठून देवापुढे बसल्या. मग नानांनी सांगितलं की त्यांचा एकुलता एक मुलगा सुरतेलाच आहे, कापडाच्या मिलमध्ये.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आम्ही तंबोरा जुळवत होतो. ओट्यावर पावलं वाजली आणि तो दारात उभा राहिला, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळे लाल. रात्रभर टेम्पोत उभा राहून आला होता. अक्का धावत गेल्या आणि त्याला हात लावताच मागे वळून नानांना म्हणाल्या, "ताप शे त्याले."

मी उठून भिंतीला टेकले. खोली लहान होती. गल्लीत उघडणारं दार एकच, आणि त्या दारात तो उभा होता. बाहेर पडायचं तर त्याच्या अंगाला अंग घासून जावं लागणार होतं. मला माझ्या मुलीचं तोंड दिसत होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. त्यालाही ते कळलं असावं. तो बाजूला सरकला, ओट्याच्या टोकाला जाऊन बसला आणि म्हणाला की मी आत येत नाही, मला सिव्हिलला न्या.

तोवर गल्लीला कळलं होतं. समोरच्या घराची दारं धाडधाड लागली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाने फळ्या लावल्या. काही माणसं गल्लीच्या तोंडाशी जमली आणि तिथूनच ओरडून सांगू लागली की घरातून कुणी बाहेर पडायचं नाही. आदल्या दिवशी हीच माणसं नानांना वाकून नमस्कार करताना मी पाहिली होती. थोड्या वेळाने आरोग्य खात्याची गाडी आली. मुलगा आपल्या पायांनी गाडीपर्यंत चालत गेला. चढताना त्याचा तोल गेला, पण त्याला धरायला कुणी पुढे झालं नाही. अक्का निघाल्या तर त्यांना थांबवलं. गाडीबरोबर आलेल्या कर्मचाऱ्याने आम्हाला टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिल्या, घरभर पावडर मारली आणि सांगितलं की तपासणीचा निकाल येईपर्यंत तिघांनीही घरातच राहायचं. मी म्हणाले, मी इथली नाही, जळगावची आहे, घरी माझं लहान मूल आहे. तो तोंडावरचा रुमाल न काढता म्हणाला, "ताई, मूल आहे म्हणूनच सांगतो. जाऊ नका."

मी खाली बसले. अक्का उंबऱ्याशी बसून गल्लीकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "बठ्ठास्नी दारं लाई लिधात." रागाने नाही, सगळ्यांनी दारं लावून घेतली एवढंच सांगितल्यासारखं.

शेजारच्या एका बाईंनी गच्चीवरून माझा निरोप ऐकून घेतला आणि त्यांच्याकडच्या फोनवरून छापखान्यात कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे यजमान धुळ्याला येऊन उभे राहिले. गल्लीतल्यांनी त्यांना पुढे येऊ दिलं नाही. ते समोरच्या घराच्या भिंतीला लागून उभे राहिले आणि मी खिडकीच्या गजांमागे. मधे जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला रडू फुटलं.

"चल," ते म्हणाले. "मागच्या बाजूने निघ. मी रिक्षा थांबवून ठेवली आहे. कुणी अडवलं तर मी बघतो."

माझे पाय निघालेच होते, हे आजही मला स्पष्ट आठवतं. पिशवी माझ्या हातात होती.

"बाळ कसं आहे?" मी विचारलं.

"मजेत आहे. रात्री रडली जरा."

"मी आले तर मी तिला घेणार. घेतल्याशिवाय मला राहवणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही जा. आणि घरी गेल्यावर आधी आंघोळ करा."

ते अडवणाऱ्यांकडे न बघता ओट्यापर्यंत आले. मग त्यांनी आणलेली डब्याची पिशवी ओट्यावर ठेवली आणि गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी तीनदा तरी मागे पाहिलं. पिशवीत सासूबाईंनी केलेले लाडू होते आणि मुलीचं एक झबलं. ते सासूबाईंनी ठेवलं की यांनी, मी पुढे कधी विचारलं नाही. मी ते नाकाशी धरलं आणि लगेच घाबरून दूर केलं. माझा श्वास त्याला लागला तर, असं वाटलं.

भीती कशी असते ते मला त्या दिवसांत कळलं. तिला काम हवं असतं. मी दर थोड्या वेळाने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची. काखेत गाठ आली आहे का म्हणून चाचपायची. उंदीर दिसला की संपलंच, असं मनात धरून मी कोपरे न्याहाळत बसायची. घसा कोरडा पडला तरी ती प्लेगची खूण वाटायची. आणि अशात नानांना खोकला सुरू झाला.

पहिल्यांदा ते खोकले तेव्हा अक्कांनी घाईघाईने सांगितलं की हा त्यांचा जुना खोकला आहे, पावसाळा सरताना दर वर्षी येतो. खरं असेलही. मला खरं वाटलं नाही. मी पदर नाकाला लावला आणि सरकत सरकत दाराशी जाऊन बसले. नानांनी ते पाहिलं. खाली मान घालून ते आपल्या गुडघ्यावर बोटांनी काहीतरी मोजत राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघणं जड झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर नाना तंबोरा जुळवून बसलेले. माझ्याकडे पाठ होती आणि तोंड समोरच्या भिंतीकडे, अगदी हातभर अंतरावर. मान न वळवता ते म्हणाले, "बेटा, तू तिकडे दाराशीच बस. मी इकडे तोंड करून गातो. माझा श्वास तुझ्याकडे येणार नाही. कागद काढ, भैरव लिहायचा राहिला आहे."

मी कागद काढला.

त्यांनी षड्ज लावला. भिंतीवर आपटून तो सूर खोलीभर पसरला आणि मला कळेना की तो कुठून येतो आहे. समोर बसून शिकणाऱ्याला गाणाऱ्याचं तोंड दिसतं, हातावरचा ताल दिसतो. मला नुसती पाठ दिसत होती, मळक्या बनियनच्या आतली हाडं आणि श्वास घेताना वर येणारे खांदे. ताल मला दिसावा म्हणून त्यांनी हात वर उचलून भिंतीवर थाप मारायला सुरुवात केली. टाळीला पंजा, खालीला नुसतं मनगट. चुन्याचा भुगा खाली पडत होता.

भैरवाची पहिली ओळ त्यांनी किती वेळा म्हटली कोण जाणे. आकडा होता तिथे धैवत वरच्या निषादावरून घसरत खाली यायचा आणि मग हलायचा. आकडा नव्हता तिथे तो सरळ येऊन उभा राहायचा. ते म्हणायचे, मग विचारायचे, "लिहिलं?" मी हो म्हणायची. मग ते परत म्हणायचे. मधेच खोकला आला की थांबायचे, तोंडावर धोतराचा सोगा दाबायचे, आणि तो थांबेपर्यंत मी पेन्सिल घट्ट धरून बसायची. त्या थांबण्यात मला मरणाची भीती वाटायची. गाणं परत सुरू झालं की कान कामाला लागायचे आणि भीती तेवढ्यापुरती मागे सरायची. पुरती गेली कधीच नाही.

निकाल येईपर्यंत आमचं हेच चाललं. सकाळी भैरव, मग दिवस चढेल तसे पुढचे राग. दुपारी अक्का डाळ शिजवायच्या. गल्लीतून कुणी भाजी द्यायला तयार नव्हतं, तर गच्चीवरच्या त्या शेजारणीने दोरीला पिशवी बांधून मिरच्या आणि वांगी सोडली. गोळ्यांनी मळमळायचं. सिव्हिलमधून मुलाची खबर कुणी आणत नव्हतं. बाहेर एखादी गाडी थांबली की अक्का उठून उभ्या राहायच्या आणि नाना गायचे थांबायचे. गाडी पुढे गेली की त्या बसायच्या. एकदा नाना ओळीच्या मधेच थांबले, गाडीचा आवाज नसताना. मी घाबरून हाक मारली. ते म्हणाले, काही नाही, शब्द आठवत नव्हता. पण त्यांचा आवाज ओला होता.

शेवटी एका दुपारी तोच कर्मचारी आला. या खेपेला त्याच्या तोंडावर रुमाल नव्हता, त्यावरूनच अक्कांनी ओळखलं. मुलाला मलेरिया होता. साधा मलेरिया. ताप उतरत होता, आणखी काही दिवसांनी घरी सोडणार होते. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. नाना उठले, मोरीवर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

मी त्याच संध्याकाळी जळगावला पोचले. सासूबाईंनी परसात कडुनिंबाचा पाला घालून पाणी तापवून ठेवलं होतं. माझे कपडे त्यांनी काठीने उचलून उकळत्या पाण्यात टाकले. आंघोळ करून मी आत गेले तर मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि तिने हात पुढे केले. मी तिला घेतलं आणि श्वास रोखून धरला. मलेरिया होता हे मला माहीत होतं. कर्मचाऱ्याने येऊन सांगितलं होतं, सिव्हिलच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं. तरीही कितीतरी दिवस मी तिला दूध पाजताना मान दुसरीकडे वळवत असे. यजमान मला समजावायचे आणि मी त्यांना म्हणायची, कळतंय मला, पण होत नाही.

छापखान्यात मी परत कामाला लागले. धैवतावरच्या त्या आकड्याला प्रोग्रॅममध्ये खूणच नव्हती. मी पुण्याला फोन लावला, इंजिनिअरला तोंडाने गाऊन दाखवलं आणि त्याने नवीन खूण करून फ्लॉपी पाठवली. धृपदं एकामागून एक पडद्यावर चढत गेली. एखाद्या ठिकाणी माझं लिहिणं लागायचं नाही, अक्षर वेडंवाकडं झालेलं असायचं. तिथे नाना खोकले होते हे मला आठवायचं आणि मग पुढची सुरावट आपोआप कानात यायची.

दिवाळीनंतर छापील पानांचा गठ्ठा घेऊन मी धुळ्याला गेले. मुलीला बरोबर न्यायचं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि अखेर मी तिला ठेवूनच गेले. नानांनी पानं भिंगाखाली धरून पाहिली. एका अंतऱ्यात मी मात्रा एक खण पुढे टाकली होती, ती त्यांनी लगेच पकडली. बाकीचं बरोबर आहे म्हणाले. गल्लीतल्या दोन बायका हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आल्या, समोरच्या घरातल्या. अक्कांनी त्यांना पाट दिले आणि चहा टाकला.

मुलगा परत सुरतेला निघाला होता. मिल सुरू झाली होती. मलाही जळगावची गाडी धरायची होती, म्हणून आम्ही स्टँडपर्यंत बरोबरच चालत गेलो. तो फारसा बोलत नव्हता. पूल ओलांडताना त्याने विचारलं की त्या दिवसांत नाना कसे होते, फार घाबरले होते का. अक्का नीट सांगत नाहीत, म्हणाला.

"घाबरले होते," मी म्हणाले. "पण दिवसभर गायचे."

तो थोडं चालून थांबला. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मला वॉर्डात वाटायचं, ते रडत असतील," तो म्हणाला. "आमच्या वॉर्डात सगळे रडायचे. मी पण रडलो."

स्टँडवर सुरतेची गाडी लागलेली होती, जवळजवळ रिकामी. तो खिडकीशी बसला. माझी गाडी यायला वेळ होता, म्हणून मी त्याची गाडी सुटेपर्यंत तिथेच उभी राहिले.